खडीवरची खुंटी

१

गाडी फाटकातून आत वळली आणि चाकांखाली कर्रकर्र आवाज झाला.

"थांबव," मी मुलाला म्हणालो. "हा आवाज कसला?"

मुलाने काच खाली केली, बाहेर पाहिलं आणि तो नुसतं "अरे बापरे" म्हणाला. मागच्या सीटवर सून आणि माझी बायको होत्या. फाटकापासून पोर्चपर्यंत, सगळ्या चढावर पिवळसर खडी पसरली होती. सुटी, गोल, टपोरी. मासिकातल्या बंगल्याच्या फोटोत शोभेल अशी. आणि आम्ही निवडले होते पेव्हर ब्लॉक! करडे, सपाट, एकमेकांत घट्ट बसणारे, ज्यांच्यावरून माझी खुर्ची सुळकन गेली असती.

खुर्ची म्हणजे चाकांची. माझी डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून माझा मुक्काम तिच्यातच. मुलाने मला गाडीतून उचलून तिच्यात बसवलं, मागून जोर लावला, तर पुढची चिमुकली चाकं खडीत रुतली आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचलो. शेवटी तो आणि शेजारचे हेडमास्तर यांनी मला खुर्चीसकट उचलून घरात नेलं. नवरदेवाचा थाट होता, फक्त वरात उलट्या दिशेने चालली होती.

तर असा मी माझ्याच घरात कैद झालो. रोज संध्याकाळी चौकातल्या बाकावर माझ्याच वयाची टवाळ मंडळी जमतात. तिथे बसून जगाला नावं ठेवायची आणि परत यायचं. उरलेला दिवस मी त्या फेरीच्या जिवावर ढकलतो. ती गेली तर माझ्याकडे राहिलं काय? औषधाच्या गोळ्या आणि खिडकी.

आत मुलाने बांधलेल्या पिशव्या सोडायला सून कात्री शोधत होती. आमचा चिरंजीव जन्मात निरगाठीशिवाय दुसरी गाठ शिकला नाही. मी मात्र फोन घेऊन बसलो. रस्त्याचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराला सगळा परिसर ठोकळे म्हणतो, कारण तो ठोकळेच बनवतो आणि दिसतोही तसाच. त्याला मी अशा काही शिव्या दिल्या की सुनेने खिडकी लावून घेतली.

पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ओरडू नका. आम्ही खुंटी बघून काम केलं. खुंटी खडीवर होती."

२

ठोकळे दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याआधी बायकोने रोजच्यासारखे माझ्या पायात बूट चढवले.

"कशाला?" मी खेकसलो. "कुठे जायचंय?"

"पाय सुजतात तुमचे," ती म्हणाली. तिने नाड्या बांधल्या, आणि मागे एकदा चाकात अडकली होती तेव्हापासून खोचते तशी टोकं फाशाखाली खोचून टाकली. उठताना तिने मनगट धरलं. मनगटाला पट्टी होती. लेकीकडे कपडे पिळताना लचकलं म्हणाली. मी "हं" म्हटलं. माझं डोकं खुंटीत होतं.

आता खुंटीचं सांगतो. फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता पार उखडला होता, जुन्या डांबराचे पापुद्रे निघत होते. आम्ही कंत्राटदार शोधायला लागलो. पहिला चकचकीत कॅटलॉग देऊन गेला तो गेलाच. दुसरा दर वेळी "निघालोच" म्हणायचा, तो अजून निघतोच आहे. ठोकळे पलीकडच्या गल्लीतला. त्याने कॅटलॉग दाखवलाच नाही. फाटकाच्या आत जमिनीवर तीन नमुने घालून दिले, एकाला एक लागून: ब्लॉक, काँक्रीट, खडी. "चालून बघा, गाडी घालून बघा, पाणी ओतून बघा," म्हणाला. पसंत पडेल त्याच्या कडेला तो लाल पट्टीची खुंटी ठोकून जायचा. त्याची माणसं आज इथे, उद्या तिथे. फोनवरच्या निरोपाने पूर्वी घोळ झाले होते, म्हणून त्याचा नियम एकच. खुंटी असेल तेच घालायचं, मालक काही का बोलेना.

आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसून ब्लॉक ठरवले. सून खडीच्या बाजूने होती, तिला ते दिसायला आवडलं होतं. मुलगा आधी काँक्रीट म्हणाला, मग माझ्याकडे वळला. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "ब्लॉक! एकदा का ते बसले की संध्याकाळचीच काय, सकाळचीही फेरी सुरू करतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको चहाचा ट्रे घेऊन आली, चहाही झकास होता. काम चालू असताना धूळ नको म्हणून आम्ही सगळे लेकीकडे जाऊन राहिलो.

"ही घ्या खुंटी," ठोकळे म्हणाला आणि लाकडाचा टोकदार तुकडा माझ्या मांडीवर ठेवला. "जशी होती तशी उपटून आणली. माझ्या माणसांनी खोटं केलं असं वाटत असेल तर तसं सांगा."

"तुझ्याकडे कुठल्या तरी साइटवरची खडी उरली असेल. खपवलीस इथे."

त्याचा चेहरा लाल झाला. "साहेब, माझी चूक निघाली तर उद्याच्या आत खडी भरून नेतो, ब्लॉक घालून देतो. पण खुंटी तुमच्या घरातल्या कोणी हलवली असेल, तर माझी माणसं उद्या लांबच्या कामावर निघतात. मग पावसाचे महिने संपल्यावरच."

"म्हणजे तोपर्यंत मी इथेच?"

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो. जन्मभर लोकांची चौकशी केलीत म्हणे. आता स्वतःच्या घराची करा."

३

त्याने खरं तेच सांगितलं होतं. मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचो. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, "चोरीला गेलेले" दागिने. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. खोटं बोलणारा कधी पापणी पाडतो, कधी विनाकारण हसतो, सगळं मला पाठ.

खुंटी निरखली. लाल पट्टी ठोकळे खिळ्याने ठोकतो. खिळा होता, पण रिकामा. पट्टीला खिळ्याच्या जागी भोक पडून ते फाटत कडेपर्यंत गेलं होतं. म्हणजे कोणीतरी खुंटी उपटताना पट्टी धरूनच ओढली, आणि ती फाटून हातात आली. मग त्याने ती खुंटीला पुन्हा बांधली होती. गाठ नीटनेटकी होती, एकही टोक लोंबत नव्हतं.

ठोकळे सुटला. त्याच्या खिशात खिळे सुपारीसारखे पडलेले असतात. पट्टी फाटली असती तर त्याने दुसरा खिळा ठोकला असता. बांधत बसला नसता.

मी हेडमास्तरांना हाक मारली. ते कुंपणावरूनच बोलायला लागले, त्यांना आत यायला मी लावलं. आमच्या चढावरून पावसाचं पाणी थेट त्यांच्या अंगणात जातं, यावरून आमची जुनी खडाजंगी. खडी घातली तर पाणी मुरतं. ब्लॉक घालणार हे कळल्यापासून ते माझ्याशी मोजकंच बोलत होते.

"खुंटी तुम्ही हलवलीत," मी सरळ तोफ डागली.

ते विनाकारण हसले. मी मनात म्हटलं, सापडला!

"हलवणार होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तुम्ही निघालात त्या दिवशी पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि फाटकाशी थांबलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुलूप होतं, म्हणून गजांतून हात पोचतो का बघायला वाकलो, आणि बघतो तर काय."

"काय?"

"खुंटी आधीच खडीवर! अहो विमावाले, मला इतका आनंद झाला की मी दोन चकरा जास्त मारल्या. म्हटलं, तुम्हाला सुबुद्धी सुचली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हा माणूस शाळेत परीक्षेच्या वेळी पोरांच्या बाह्या तपासायचा, पण स्वतः खोटं बोलायचं म्हटलं तर याला घाम फुटतो. आता घाम नव्हता.

आदल्या संध्याकाळी ठोकळेने माझ्यासमोर खुंटी ब्लॉकवर ठोकली होती. पहाटे ती खडीवर होती. फाटकाला आतून कुलूप होतं, आणि गजांतून हात खुंटीपर्यंत पोचत नाही. म्हणजे हात बाहेरचा नव्हता.

४

घरातल्या माणसांची चौकशी करण्याइतकं वाईट काम नाही. तरी मी सुनेला समोर बसवलं.

"बाबा, माझ्यावर संशय?" तिने डोळे मोठे केले. "मी खडी म्हटलं ते दिसायला. तुमची खुर्ची रुतेल हे कळल्यावर मीच म्हटलं ना, ब्लॉक घाला?"

"म्हटलंस."

"आणि आदल्या दिवशी दुपारपासून मी प्रयोगशाळेत. रात्रपाळी करून परस्पर ताईंकडे आले. तुम्हीच म्हणालात, डोळे बघा हिचे, घुबडासारखे झालेत."

म्हणालो होतो. सून सुटली. जाताना ती दारात थांबली. "बाबा, एक विचारू? खुंटी कोणी हलवली ते कळून तुम्हाला काय करायचंय? त्याला शिक्षा करणार?"

"मला कैद करणाऱ्याला मी सोडणार नाही."

ती निघून गेली.

मग मुलगा. त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं, तरी विचारलं.

"बाबा, मी? मीच तर ठोकळेला शोधून आणला. आणि हलवली असती तर तुम्हाला उचलून आणताना माझी कंबर मोडून घेतली असती का?"

"आदल्या रात्री काय करत होतास?"

"पिशव्या बांधत होतो."

मी खुंटी त्याच्यापुढे धरली. "ही गाठ सोड."

त्याने एक टोक शोधायला बराच वेळ लावला. ते सापडल्यावर ओढलं आणि गाठ अलगद सुटली. सुरगाठ होती. याच्या हातची गाठ सोडायला कात्री लागते, बोटांनी सुटणारी गाठ त्याच्या बापजन्मात त्याला बांधता आलेली नाही. बाप मीच, म्हणून खात्रीने सांगतो.

मुलगाही सुटला. मी थक्क होऊन बसलो. ठोकळे नाही, हेडमास्तर नाहीत, सून नाही, मुलगा नाही. लेक तर तिच्या घरी होती. मग काय खुंटी आपल्या पायाने चालत गेली?

दुपार झाली. घरात शांतता होती. बायको आतल्या खोलीत चक्क झोपली होती. इतक्या वर्षांत मी तिला दुपारी आडवी झालेली पाहिली नव्हती. मला रागच आला. इथे नवरा तुरुंगात पडलाय आणि ही निवांत घोरतेय!

त्या रागात माझ्या हातून खुंटी निसटली. ती माझ्या बुटावर पडली. लाल पट्टी, सुटलेली, नाडीला लागून. मी उजव्या हाताने ती उचलायला वाकलो आणि तसाच वाकून राहिलो.

माझ्या नाडीला टोकच दिसत नव्हतं.

५

ती उठून आली आणि वाळलेले कपडे घड्या घालायला बसली. मी खुर्ची तिच्यासमोर नेली. एका हाताने खुर्ची फिरवणं म्हणजे दिव्य असतं, तिने मदतीला उठायला सुरुवात केली.

"बस," मी म्हणालो. "तू बस."

ती बसली. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती पाहिली आणि शर्टाची घडी पुरी केली.

"तूच ना?"

"हो."

तिने पापणी पाडली नाही, की विनाकारण हसली नाही. माझी सगळी विद्या तिथे कुचकामी ठरली.

"का? तुला खडी आवडते?"

"आवडायचं काय त्यात? चपलेत जाते मेली."

"मग?"

"तुम्ही चौकशी करणारे. तुम्हीच सांगा."

मी आवाज चढवला. "मी आत अडकून मरावं असं वाटलं तुला? माझी एक फेरी होती, ती..."

"तुमची?" ती म्हणाली. तिने मनगटाची पट्टी सोडायला घेतली. आत सूज होती, जुनी, पिवळट झालेली. लेकीकडे कपडे पिळून असं होत नाही. लेकीकडे मशिन आहे. हे मला सकाळीच कळायला हवं होतं, आणि मी "हं" म्हणालो होतो.

"उतरताना खुर्ची मला ओढत नेते," ती म्हणाली. "येताना मी तिला चढावर ढकलते. रोज वाटतं, आज हातातून सुटणार. आज मी हिला धरू शकणार नाही आणि तुम्ही सरळ रस्त्यावर, गाड्यांत. तुम्ही पुढे बसून त्या बाकावरच्या गमती सांगता. हसता. तुम्हाला माझं तोंड दिसत नाही हो. मी मागे असते."

"मग सांगायचं होतंस."

"कोणाला? टेबलावर हात आपटून तुम्ही म्हणालात, सकाळचीही फेरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मला कोणी विचारलं, तुला काय घालायचंय म्हणून? ब्लॉक गुळगुळीत, खुर्ची आणखी जोरात पळणार. दिवसातून दोनदा."

"मुलाला सांगितलं असतंस, तो ढकलेल."

"तुम्ही त्याला हात लावू देता? हातगाडीवर बटाटे नेतोय असं वाटतं म्हणता. माझ्याशिवाय कोणाच्या हाती खुर्ची चालत नाही म्हणून चारचौघांत माझं कौतुक करता. मग मी नाही कसं म्हणू?" तिचा आवाज चिरकला. "तोंड उघडेना माझं. म्हटलं, खडीच सांगू दे नाही म्हणून. रात्री कुलूप लावायला गेले, पट्टी धरून ओढली, तर ती फाटून हातात आली. काळोखात बांधली कशीतरी."

"कशीतरी नाही. माझ्या बुटासारखी बांधलीस."

ती पट्टीकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. "मी दमले हो," ती म्हणाली. "फार दमले. चौकात त्या शिवणवाल्या बाई आहेत ना, माझी मैत्रीण ती. रोज दारातून हाक मारते, 'ये ना घटकाभर'. तुम्ही म्हणता, उशीर होतोय. किती दिवसांत तिच्या उंबऱ्यावर टेकले नाही मी. तुम्ही कालपासून कैद कैद करताय. मी कधीपासून आहे, ते विचारलंत का?"

तिचा सुजलेला हात मी हातात घेतला, एवढंच केलं.

फाटकाची कडी वाजली. खडीवर जड पावलं कर्रकर्र करत वर यायला लागली. ठोकळे आला होता.

"आता?" तिने डोळे पुसत विचारलं. "सांगा त्याला. सगळ्यांसमोर सांगा. मी नाही म्हणणार नाही."

६

दिवाणखान्यात सगळे जमले. हेडमास्तरही आले, त्यांना चौकशीचा निकाल चुकवायचा नव्हता. ठोकळे दारातच उभा राहिला, हाताची घडी घालून. बायको कोपऱ्यात, पट्टी मुठीत गच्च धरून.

"लागला शोध?" ठोकळे म्हणाला.

"लागला. तुझी चूक नाही. तुला बोललो ते मागे घेतो."

"मग कोणाची?"

सून माझ्याकडे बघत होती. मुलगा सासऱ्याच्या घरी आल्यासारखा अवघडून बसला होता.

"माझी," मी म्हणालो. "खुंटी माझ्यामुळे हलली."

"बाबा, तुमच्यामुळे?" मुलगा ताडकन उठला. "तुम्हाला तर पोर्चच्या पायरीपर्यंतही एकट्याने..."

"मी म्हटलं ना, माझ्यामुळे. पाणी मुरायला हवं, हेडमास्तरांच्या अंगणात तळं होतं दर वर्षी."

हेडमास्तर इतके गहिवरले की त्यांनी माझा लुळा हात धरून हलवला. ठोकळेने माझ्याकडे रोखून पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग परत माझ्याकडे. "पावसानंतर येतो," तो म्हणाला. "ब्लॉक घालून देतो."

"घाल. पण आधी हा चढ मोड. रस्ता वळवून घे, कडेकडेने, हळूहळू उतरणारा. आणि खुर्ची तेव्हा हा ढकलेल." मी मुलाकडे बोट दाखवलं. "बटाटे नेल्यासारखी ढकललीस तरी चालेल. तोपर्यंत मी खिडकीत."

"एवढे महिने?" सून म्हणाली.

"एवढे महिने."

मंडळी पांगली. चौकात जायची वेळ झाली होती. बायको सवयीने आली, गुडघ्यावर बसली आणि माझ्या नाड्या ठीक करायला लागली. मी तिचा हात बाजूला केला.

"चपला घाल तुझ्या," मी म्हणालो.

"कुठे जायला?"

"ते मला कशाला विचारतेस?"

ती उठली. केस सारखे केले, साडी झटकली, दाराशी जाऊन परत आली, माझ्या मांडीवरची शाल सारखी केली, पुन्हा दाराशी गेली.

"तुम्हाला काही लागलं तर?"

"घर भरलंय माणसांनी. जा गं आता."

मी खिडकीत बसलो. तिची पावलं खडीवर वाजत होती. पहिली जपून, एकेक. उतारावर ती सवयीने मागे रेलली, हात पुढे धरलेले, खुर्ची धरल्यासारखे. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिने हात खाली सोडले आणि पावलं भराभर पडू लागली. फाटकाची कडी वाजली. त्यापुढे काही ऐकू आलं नाही.

दिवे लागले. टेबलावर ताटं मांडली गेली. मुलगा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला, तिसऱ्यांदा त्याने चपला घातल्या.

"बाबा, आई अजून आली नाही. कुठे गेलीय ती? बघून येऊ का?"

"बस खाली," मी म्हणालो. "चौकशी करायची नाही."